न उरलेल्या चित्रपटाविषयी : कांजीभाई राठोड आणि ‘काला नाग’

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर माणसांची रीघ लागते. १९३७ साली बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यात आले होते, त्या भेटीची ही आठवण. गाणी होतात, पुस्तकांची दुकाने लागतात, लांबून आलेली माणसे भाकरीची फडकी सोडून झाडाखाली बसतात. गेल्या वेळी आमच्याकडच्या काही तरुण कार्यकर्त्यांनी तिथे ‘पडदा आणि आपण’ या विषयावर फलक लावायचे ठरविले आणि मजकूर तपासायला माझ्याकडे आणला. मी आयुष्यभर मास्तरकी केली. लाल शाई अजून सुटलेली नाही.

एका फलकावर असे लिहिले होते : कांजीभाई राठोड, भारतातील पहिले दलित दिग्दर्शक; १९२४ साली ‘काला नाग’ या चित्रपटातून त्यांनी दलितांची वेदना पडद्यावर मांडली.

पहिल्या वाक्याखाली मी प्रश्नचिन्ह केले. दुसरे वाक्य सरळ खोडले. त्यावरून जो वाद झाला तो रात्री अकरापर्यंत चालला. मुले चिडली होती. त्यांपैकी एक जण, फार गुणी मुलगा, मला म्हणाला, “सर, आपला एक माणूस सापडला, तर तुम्हीच त्याच्यावर काट मारता!” हा आरोप मला लागला. त्याचे उत्तर त्या रात्री नीट देता आले नाही. ते इथे देण्याचा प्रयत्न करतो.

आधी जे ठाऊक आहे ते. ‘काला नाग’ हा मूकपट मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीने १९२४ साली काढला. कंपनीचे मालक द्वारकादास संपत, स्टुडिओ दादरला. दिग्दर्शन कांजीभाई राठोड यांचे. होमी मास्टर यांनी त्यात काम केले होते. मुंबईत गाजलेल्या चांपसी-हरिदास खून खटल्यावर ही गोष्ट बेतलेली होती. देवादिकांच्या कथा सोडून, लोकांनी वर्तमानपत्रात वाचलेला खून पडद्यावर आणण्याचे आपल्याकडचे हे अगदी आरंभीचे उदाहरण म्हणून चित्रपटाच्या इतिहासकारांनी त्याची नोंद केली आहे. कांजीभाई दक्षिण गुजरातेतल्या मरोली गावचे. आधी ते स्थिरचित्रे काढणारे छायाचित्रकार होते, तिथून संपतांच्या कंपनीत दिग्दर्शक झाले. आणि ते दलित कुटुंबातले होते, असे एक वाक्य या नोंदींत येते. वाक्य एवढेच. पुढे पूर्णविराम.

चित्रपट उरलेला नाही. त्याचे एकही रीळ आज पाहता येत नाही.

मुलांची चूक कुठे होते ते आता सांगतो. ज्या माणसाचा जन्म दलित घरात झाला त्याने केलेली प्रत्येक कलाकृती दलित जाणिवेची असते, असे ते गृहीत धरतात. हा वाद साहित्यात आपण पन्नास वर्षांपूर्वी घातला आहे. दलित साहित्य जन्माने ठरते की जाणिवेने, यावर सभा झाल्या, अंक निघाले, मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. त्यातून एवढे तरी निश्चित झाले की जन्म हा पुरावा नव्हे. नकार, विद्रोह, विज्ञाननिष्ठा आणि माणूस हाच केंद्रबिंदू यांची खूण प्रत्यक्ष कृतीत दाखवावी लागते. मग साहित्याला लावलेली ही कसोटी चित्रपटाच्या दारात आल्यावर आपण खाली का ठेवावी? जी कृती कोणी पाहिलेली नाही तिच्यात वेदना होती हे आपण कशावरून सांगणार? सांगू लागलो तर पुराणिकांत आणि आपल्यात फरक काय उरला? तेही न पाहिलेल्या गोष्टी मोठ्या आत्मविश्वासाने सांगत आले आहेत.

पण मग समीक्षकाच्या हातात काहीच उरत नाही काय? उरते. त्या चित्रपटाची नावे उरली आहेत, आणि ती एक नव्हे, तीन. ‘काला नाग’, ‘कलियुग की सती’ आणि इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी ‘ट्रायम्फ ऑफ जस्टिस’ म्हणजे न्यायाचा विजय. त्या काळी मूकपटाला अशी दोनतीन नावे देण्याची पद्धतच होती. परंतु ही तीन नावे शेजारी ठेवून पाहा. पहिले नाव खलपुरुषाचे. ते पिटातल्या प्रेक्षकाला हाक मारते. दुसरे स्त्रीचे. तिच्यावर काय ओढवले यापेक्षा ती सती राहिली की नाही, हे त्या नावाला महत्त्वाचे वाटते. शिवाय त्यात ‘कलियुग’ हा शब्द आहे. कलियुग म्हणजे काय? वर्ण ज्या काळात आपापली पायरी सोडतात त्या काळाला ब्राह्मणी परंपरेने दिलेले ते दूषण आहे. आपल्या दृष्टीने जो काळ थोडा बरा, तो त्यांच्या पंचांगात कली! तिसरे नाव सरकारसाठी. १९२० पासून मुंबईत सेन्सॉर बोर्ड बसले होते. खून दाखवायचा तर शेवटी न्याय जिंकलेला दाखविणे सोयीचे होते. पिट, परंपरा आणि सरकार अशा तीन मालकांना खूश ठेवणारी ही नावे आहेत. त्यांच्या मधून दलित दिग्दर्शकाचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, असे मला तरी म्हणवत नाही.

कांजीभाईंच्या इतर चित्रपटांची नावेही हेच सांगतात. ‘भक्त विदुर’, ‘गुल-ए-बकावली’. भक्ती आणि परीकथा. कंपनीला जे विकायचे होते ते त्यांनी करून दिले, आणि उत्तम करून दिले असणार. नाहीतर त्या धंद्यात एवढे चित्रपट एकाच माणसाच्या हाती कोण सोपवील?

तरीही ‘भक्त विदुर’पाशी मी थबकतो. १९२१ चा हा चित्रपट. त्याच्याबद्दल सगळीकडे एकच गोष्ट लिहिलेली असते : विदुराचे काम खुद्द संपतांनी केले, त्याला खादी आणि गांधी टोपी घातली, म्हणून कराचीकडे आणि मद्रासकडे त्याच्यावर बंदी आली. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात त्याला मानाचे पान आहे. पण विदुर कोण होता? दासीपुत्र. धृतराष्ट्र-पांडूंचा भाऊ, शहाणपणात दोघांच्या वर, पण आई दासी म्हणून सिंहासनाच्या हिशेबातच नाही. सभेत सल्ला द्यायचा आणि खाली मान घालून उभे राहायचे. दासीपुत्राची ही कथा एका दलित दिग्दर्शकाने पडद्यावर आणली, यात सांगण्यासारखे काही आहे असे शंभर वर्षांत किती अभ्यासकांना वाटले? त्यांना टोपी दिसली, टोपीखालचा माणूस दिसला नाही. त्यात कांजीभाईंच्या मनात काय होते, यावर मी पैज लावणार नाही. परंतु प्रश्नसुद्धा मनात येऊ नये, ही प्रस्थापित समीक्षेची दृष्टी नव्हे, तिची सवय आहे.

आता सालाकडे वळू. १९२४. याच वर्षी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा नव्याने एकत्र करून पुन्हा पक्का केला. मूळ कायदा १८७१ चा. काही जमातींत जन्मलेले मूल गुन्हेगारच, त्याने पोलिसपाटलाकडे हजेरी द्यावी, गाव सोडताना परवाना घ्यावा, हा त्याचा अर्थ. खान्देशात पारधी, भिल्ल, कंजारभाट ही नावे ऐकताच शिपायाचा हात काठीकडे कसा जाई, आणि १९५२ साली कायदा रद्द झाल्यानंतरही कसा जात राहिला, हे साक्री-शहाद्याकडच्या वाचकाला मी सांगायला नको. सरकारच्या लेखी गुन्हा जातीत होता, पालावर होता, वस्तीत होता. आणि त्याच वर्षी ‘काला नाग’ने पडद्यावर जो खून आणला, त्या खटल्याच्या नावात चांपसी आणि हरिदास आहेत. ही पालावरची नावे नव्हेत. गुजराती पेढीवर आढळणारी नावे आहेत.

इथे मलाही मोह होतो, हे कबूल करतो. त्याच १९२४ च्या जुलैत परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. दादरचा स्टुडिओ आणि परळचा हॉल यांत अंतर ते किती! कांजीभाई एखाद्या संध्याकाळी तिकडे गेले असतील काय? कादंबरीकाराने हे खुशाल लिहावे. समीक्षकाने लिहू नये. योगायोगावर मजले चढविले की इमारत आपल्याच अंगावर येते. मी एवढेच म्हणेन : गुन्हेगार कोण, याची सरकारी व्याख्या आणि ‘काला नाग’ची निवड यांत विरोध आहे. तो विरोध दिग्दर्शकाने जाणून घडविला की बाजाराने, हे चित्रपटच सांगू शकला असता.

पुढच्याच वर्षी, १२ जानेवारी १९२५ ला, मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनिकाचा खून झाला. इंदूर दरबारातून निसटलेली मुमताज बेगम त्याच्यासोबत होती. तिला पळविण्यासाठी हल्ला झाला, तिच्या चेहऱ्यावर वार झाले. धागेदोरे थेट इंदूरच्या गादीपर्यंत गेले आणि १९२६ साली तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. धुळ्याहून आग्रा रोड इंदुरास जातो, त्यामुळे आमच्याकडे या प्रकरणाच्या गोष्टी जुनी माणसे फार रंगवून सांगत. कोहिनूरने त्यावरही चित्रपट काढला, ‘कुलीन कांता’. दिग्दर्शक होमी मास्टर, म्हणजे ‘काला नाग’मधलाच नट. तोही आज नाही. पण एक वाट पडली होती हे यावरून दिसते : बडी घरे, राजवाडे, पेढ्या यांच्या आतला गुन्हा चार आण्यांच्या प्रेक्षकाने अंधारात बसून पाहायचा. ही वाट कांजीभाईंच्या चित्रपटाने पाडली.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येतो. चित्रपट हरवला म्हणून जातीला दोष देता येणार नाही. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यांतले तीसेक उरले, तेही कित्येक अर्धेमुर्धे. फिल्म नायट्रेटची असे, ठिणगी पडली की पेटे. कोहिनूरचा स्टुडिओच १९२३ साली आगीत सापडला होता. बोलपट आल्यावर मूकपटाला भंगाराचीही किंमत उरली नाही. रिळे धुऊन त्यांतली चांदी काढली, उरलेल्या पट्टीच्या बांगड्या केल्या. पहिला बोलपट ‘आलम आरा’ही हरवला. बाबूराव पेंटरांचे बहुतेक मूकपट हरवले. नाश सर्वांचाच झाला.

पण हरवल्यानंतर आठवण कोणाची राहिली? इथे फरक सुरू होतो. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा, म्हणजे ‘काला नाग’नंतर वर्षभरातला. तोही आज कोणी पाहू शकत नाही. परंतु चित्रपटावरचे कुठलेही मराठी पुस्तक उघडा, त्याच्यावर पानेच्या पाने आहेत. ना. ह. आपट्यांची कथा, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम, जमीन गिळणारा सावकार, शेवटी गिरणीकामगार झालेला शेतकरी. आणि हमखास येते ते झोपडीचे दृश्य : अंधारी झोपडी आणि कुत्र्याचे रडणे. आता मला सांगा, मूकपटात कुत्रे रडलेले कोणाला ऐकू आले? ते दृश्य आठवणाऱ्या जे. बी. एच. वाडियांनी १९३६ च्या बोलपटाबद्दल लिहिले होते. मूकपट आपल्याला पुसटसाच आठवतो, असेही तिथेच म्हटले होते. पण पुढच्यांनी ते रडणे उचलून मूकपटाच्या तोंडी घातले आणि पिढ्यान् पिढ्या ते विव्हळते आहे. न पाहिलेल्या चित्रपटाची स्तुती करण्याची चूक केवळ आमची पोरे करतात असे नाही, हे सांगण्यासाठी हे उदाहरण दिले.

‘सावकारी पाश’ थोर असणार, याविषयी मला शंका नाही. पेंटर सुतारकाम करणाऱ्या घरातले, त्यांनी कॅमेरासुद्धा स्वतःच्या हाताने बनविला. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात त्यांची कला वाढली. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. शिवाय सावकाराचा कागद आमच्या जिल्ह्याला नवा नाही. अंगठा एका आकड्यावर आणि वसुली दुसऱ्यावर, ही रीत शहादा-तळोद्याच्या आदिवासींनी पिढ्यान् पिढ्या भोगली, तेव्हा १९७० नंतरचा भूमुक्तीचा लढा उभा राहिला. माझे म्हणणे एवढेच की दोन हरवलेल्या चित्रपटांपैकी एकाला मराठी समीक्षेने स्मारक बांधले आणि दुसऱ्याला एक ओळ दिली. एकाची आठवण ठेवणारे नट पुढे मोठे झाले, दिग्दर्शकाने तीच कथा पुन्हा बोलपट म्हणून काढली, मराठी अभिमानाने तो आपला मानला. दुसरा कंपनीचा नोकर, मुंबईत काम करणारा गुजराती, आणि त्याच्या जातीतल्या लोकांकडे तेव्हा छापखाना नव्हता. शिवाय खुनाची गोष्ट म्हणजे गल्लाभरू, तिच्यात कला कसली, हा शिष्ट समज. तमाशाला जो न्याय, तोच ‘काला नाग’ला.

मग कांजीभाई त्या धंद्यात शिरले तरी कसे? मला वाटते, तेव्हा तो धंदा हलका समजला जात होता म्हणून. चित्रपट म्हणजे नाटकापेक्षाही खालचा उद्योग. त्यात पारशी थिएटरचे नट, कलावंतिणींच्या मुली, रंगारी, सुतार, शिंपी, छायाचित्रकार अशी हाताने काम करणारी माणसे भरली होती. वतनदारी अजून बसलेली नव्हती. जिथे वरच्यांना लाज वाटते तिथे खालच्यांना दार किलकिले मिळते. पुढे बोलपट आला, शुद्ध भाषेला भाव आला, चांगल्या घरातल्या मुली कॅमेऱ्यापुढे आल्याचे कौतुक सुरू झाले आणि धंद्याला प्रतिष्ठा मिळाली. प्रतिष्ठा आली की दारावर पाटी लागते. नागराज मंजुळ्यांचा ‘फँड्री’ २०१३ चा. मधली जवळजवळ नव्वद वर्षे मराठी-हिंदी पडद्यामागे दिग्दर्शक म्हणून आपली माणसे बोटांवर मोजावी लागतात, आणि त्यांच्यापैकी कितींनी आपली जात उघड सांगितली, हा आणखी वेगळा हिशेब. ‘राठोड’ हे नाव तरी काय सांगते? रजपुतांत राठोड, बंजाऱ्यांत राठोड. नावावरून जात कळत नसेल तर तो माणसाला मिळालेला आसरा असतो. इतिहासकाराला मात्र ती अडचण होते.

आपले लेखक अमेरिकेतल्या काळ्या लेखकांकडे नेहमी पाहत आले, म्हणून तिकडचेही एक उदाहरण देतो. ऑस्कर मिशो हा काळा कादंबरीकार. दारोदार हिंडून आपली पुस्तके विकणारा. त्याने स्वतःची कंपनी काढून १९२० साली ‘विदिन अवर गेट्स’ हा मूकपट केला. गोऱ्यांचा जमाव काळ्या कुटुंबाला झाडाला लटकवितो, हे त्यात उघडपणे दाखविले आहे. हा चित्रपटही हरवला होता. पन्नासएक वर्षांनी त्याची एक प्रत स्पेनमध्ये सापडली, स्पॅनिश पाट्यांसह; त्या पाट्या पुन्हा इंग्रजीत करून १९९३ साली तो दुरुस्त करण्यात आला. आज त्यातली काळी जाणीव कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो. मिशो आणि कांजीभाई यांना मी एका तागडीत घालणार नाही. मिशो मालक होता, कांजीभाई पगारी होते. कोणाचा खून पडद्यावर आणायचा, हे मालक ठरवितो. दलित कलावंताच्या मुक्तीचा विचार करताना प्रतिभेइतकाच हा मालकीचा प्रश्न येतो, आणि आपली समीक्षा त्याला फार कमी वेळा हात घालते.

आणि केरळची पी. के. रोझी. मलयाळममधल्या पहिल्या चित्रपटाची, ‘विगतकुमारन’ची, नायिका. दलित स्त्रीने नायर स्त्रीचे काम केले म्हणून प्रेक्षकांनी दगड मारले, तिला मुलूख सोडावा लागला. चित्रपट नाही, रोझीही पुढे पडद्यावर आली नाही. पण तिकडच्या लोकांनी ती हकीकत धुंडाळून काढली. २०१९ पासून तिच्या नावाची फिल्म सोसायटी आहे. तिने काम कसे केले, हे कोणी सांगत नाही. तिच्यावर काय झाले तेवढे सांगतात, आणि ते पुरते.

माझे वडील लहानपणी पांझरेच्या काठी यात्रेतल्या तंबूत सिनेमा पाहत. मूकपटाचेच दिवस होते ते. पडद्याचे कापड पाण्याने ओले करीत, म्हणजे मागच्या बाजूलाही चित्र उमटे. पुढे पैसे जास्त, मागे कमी. पण कोणी कुठे बसायचे हे केवळ पैशाने ठरत नव्हते, असे वडील सांगत. आमची माणसे मागे. तिथून चित्र उलटे दिसे. डावखुरे राजे, डावखुरे मारेकरी. मधल्या पाट्यांवरची अक्षरेही उलटी. मी एकदा विचारले, “मग आबा, तुम्हाला गोष्ट कळायची कशी?” ते हसून म्हणाले, “अरे, अक्षरं सरळ असती तरी आम्हाला कुठं वाचता येत होती?” पुढे बसलेला कोणी मोठ्याने वाचायचा, ते मागेपर्यंत यायचे. एका सिनेमात शेटजीच्या घरात खून होतो आणि पोलीस शेटजीलाच धरतात, हे पाहून मागच्या बाजूला टाळ्या पडल्या होत्या, एवढे त्यांना आठवत होते. नाव आठवत नव्हते. तो ‘काला नाग’ असेल काय? मुलांना मी ही आठवण सांगितली तेव्हा त्यांचे डोळे चमकले, आणि मी लगेच म्हटले, हे फलकावर लिहायचे नाही. आबांनी नाव सांगितले नाही, ते मी सांगणार नाही.

पण टाळ्या पडल्या होत्या, हे खरे. दलित जाणीव दिग्दर्शकात शोधण्यापेक्षा पडद्याच्या मागे बसलेल्या त्या प्रेक्षकांत शोधावी, असे आता मला वाटू लागले आहे. शेटजीला बेड्या पडताना ज्यांनी टाळ्या वाजविल्या त्यांनी त्या गोष्टीचा स्वतःपुरता अर्थ लावला होता. न्यायाचा विजय झाला म्हणून त्या टाळ्या नव्हत्या. आपल्याला रोज दरडावणारा शिपाई एकदा तरी दुसऱ्या दारात गेला, म्हणून होत्या. हे वडिलांचे शब्द नाहीत, माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच घ्यावा.

धुळे हे जुने कागद जपणारे गाव आहे. राजवाडे इथेच वारले, १९२६ च्या अखेरीस; त्यांच्या दप्तरांसाठी पुढच्याच महिन्यात संशोधन मंडळ उभे राहिले. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडे शंकरराव देवांनी गावोगाव हिंडून गोळा करून ठेवली. मी दोन्ही ठिकाणी बसून वाचले आहे, तिथल्या कामाबद्दल कृतज्ञ आहे. मठातली बाडे टिकली, कारण मठाला भिंती होत्या. फाळक्यांची रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायरांना फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळाली, कारण घराला माळा होता आणि माळ्यावर काय आहे ते घरातल्यांना ठाऊक होते. आमच्या वाड्यात माळा नव्हता. पांझरेला पूर आला की आधी पोरे उचलायची, मग धान्य. कागद कोण उचलणार?

तरी एकाने उचलले होते. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून तिचे चित्रण केले. ज्या फितीकडे पाहून आपण आजही रडतो ती आपल्याच माणसाने काढलेली आहे, आणि काढायला कोणी सांगितले नव्हते. कांजीभाईंच्या बाबतीत जे झाले ते इथे झाले नाही, कारण कॅमेरा कोणासाठी चालवायचा हे व्हटकरांनी स्वतः ठरविले होते.

फलकाचा वाद शेवटी असा मिटला. ‘पहिले’ हा शब्द गेला. वेदनेचे वाक्य गेले. उरले ते असे : कांजीभाई राठोड. मरोली, दक्षिण गुजरात. छायाचित्रकार, दिग्दर्शक. ‘भक्त विदुर’ १९२१, ‘काला नाग’ १९२४. दलित कुटुंबातले. चित्रपट उपलब्ध नाहीत. मुलांना तो फलक फार कोरडा वाटला. माझ्यावरचा राग पूर्ण गेला आहे असेही नाही. लळिंगला मात्र मी बाजूला उभा राहून पाहिले, सजविलेल्या फलकांपुढून माणसे पुढे सरकत होती आणि या फलकापुढे थांबत होती. एक म्हातारा बराच वेळ उभा होता. कोणाकडून तरी त्याने ते वाचून घेतले आणि मला विचारले, “मास्तर, तो सिनेमा आते कोठे देखाले भेटी?”

कुठेच नाही, असे सांगितले. त्याने मान हलविली आणि म्हणाला की त्याच्या थोरल्या भावाच्या जलशाच्या वह्या घरी पेटीत आहेत, त्यांतल्या दोन वाळवीने खाल्ल्या, चार शिल्लक आहेत, त्या कोणी घेईल काय? भीमराव कर्डकांनी जलशांवर पुस्तक लिहून ठेवले म्हणून नाशिककडचा बराच हिशेब लागतो. आमच्याकडचा लागत नाही. त्याचे गाव साक्री तालुक्यात आहे. ज्याने मला काट मारणारा म्हटले होते तोच मुलगा आता मोटारसायकल घेऊन येतो म्हणाला आहे. या रविवारी जातो आहोत. प्लास्टिकची पिशवी आणि कडुनिंबाचा पाला बरोबर घेतला आहे, वह्या हलविण्याआधी जागच्या जागी फोटो काढायचे ठरले आहे.